कापसाच्या खोलीतली डबी

आपल्या घराच्या सपाट धाब्यावर परका माणूस चढला की मी अंगणात मान वर करून उभी राहते. तो उतरेपर्यंत हलत नाही. सून म्हणते, "आई, मान दुखन तुमची." दुखू दे. धाब्यावरून चार घरांची अंगणं दिसतात. कोणाच्या मिरच्या वाळत आहेत, कोणाची शेळी कुठं बांधली, कोणाच्या दाराला कुलूप आहे, सगळं दिसतं. अशा जागी दोन माणसं लोखंडी पाइप अन् पांढरी थाळी घेऊन चढली, तर बघायला नको?

ते नेटवाले होते. जमिनीतून तार न टाकता हवेतून नेट देतो म्हणत होते. आमचं गाव वडनेर भोलजीच्या अलीकडं, आडबाजूला. मोबाइलच्या टॉवरची ताकद येता येता संपते. यांनी नांदुऱ्यात एका उंच इमारतीवर एक थाळी लावली होती, अन् तिच्याकडं तोंड करून दुसरी आमच्या धाब्यावर लावायची होती. मधात झाड नको, घर नको, थाळीला थाळी दिसली पाहिजे.

"अन् मधात काय हाय मंग?" मी खालून विचारलं.

"हवा हाय काकू."

"हवेचे पैसे घेता काय बापा?"

वरचे दोघंही हसले. मी हसले नाही.

आता हे बसवून का घेतलं ते आधी सांगते, नाही तर वाटेल म्हातारीला नेटचा कायचा शौक. माझ्या मुलानं त्या वर्षी पुण्याकडं जायचं पक्कं करत आणलं होतं. चाकणला एका कारखान्यात गाववाल्यानं जागा सांगून ठेवली होती, राहायची खोलीही पाहून झाली होती. वावरात जीव लागत नव्हता त्याचा. बीटी कापसाचं बियाणं नवीन आलं तेव्हाची काही वर्षं मी विसरणार नाही, वेचणीला बाया कमी पडायच्या एवढा कापूस. मग गुलाबी अळी परत आली. बाहेरून बोंड टणक, हिरवंगार, अन् फोडून पाहावं तर आत घाण. मुलगा बोंड फोडायचा, बघायचा अन् फेकायचा.

सून मात्र हुशार. कॉमर्स शिकलेली. तिनं कोणाकोणाला फोन करून पुण्याच्याच एका कचेरीचं घरबसल्या काम मिळवलं. दुकानांची बिलं कॉम्प्युटरवर यायची, ती बघून नोंदी भरायच्या. कचेरीची अट एकच, कामाच्या वेळात नेट तुटायला नको. संक्रांतीपर्यंत पाहू म्हणाले, मग पक्कं करू. नेट टिकलं तर ही दोघं घरी. नाही टिकलं तर दोघं चाकणला, अन् एवढ्या घरात मी अन् मांजर. म्हणून त्या थाळीकडं बघताना माझी मान दुखत नव्हती.

नेटवाले दोघं भागीदार. एक मलकापूरचा, मुसलमान घरचा, चष्मेवाला, कमी बोलणारा. त्याच्या अब्बांचं घड्याळं अन् रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी मनातल्या मनात त्याला घड्याळवाला म्हणायची. दुसरा उंच, हसतमुख, बोलायला गोड, म्हणून तो उंचा. त्यानं आपलं आडनाव सांगितलं अन् माझ्या कानात घंटा वाजली.

"कृषी केंद्रवाल्याचा काय तू?"

"हाव काकू. दुकान बंद केलं न आता. बाबा थकले."

झालं. मी सुनेला चुलीपाशी बोलावून सांगितलं, "याच्या हातावर नजर ठेव व."

त्याच्या बापाच्या दुकानातून आम्ही बियाणं आणायचो. एका वर्षी पाकीट अगदी हुबेहूब, वर चमकता शिक्का, सगळं ठीक. पऱ्हाटी वाढली माणसाएवढी, अन् बोंडाबोंडात अळी. ज्यांनी दुसरीकडून आणलं त्यांचंही गेलं, पण आमचं सगळंच गेलं. तेव्हा आमचे हे होते. हे दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, मी काय बियाणं बनवतो काय, कंपनीले विचारा. कंपनीचा माणूस म्हणाला, यंदा पावसानं खंड दिला. मग पाहणीला शेतकी खात्याचे साहेब आले. बीटीच्या पाकिटात तेव्हा साध्या सरकीची एक लहान पुडी यायची, ती वावराच्या कडेनं लावायची असायची, अळीला खायला. आमच्या गावात ती कोणीच लावत नव्हतं. अळीसाठी वेगळं ताट कोण वाढेल? साहेबांनी विचारलं, "पुडी लावली होती का धुऱ्यानं?" आम्ही गप्प. "मग चूक तुमचीच," म्हणाले अन् गाडीत बसले.

चूक असेलही आमची. पण मी त्या दिवशी एक पाहिलं. प्रत्येकाचं बोट पुढच्याकडं, अन् शेवटच्या बोटाच्या पुढं आम्ही उभे.

तेव्हापासून माझी रीत आहे. पेरणी झाली की रिकामं पाकीट, त्याचं लेबल अन् चिमूटभर बियाणं एका पिशवीत घालून खिळ्याला अडकवते. कापूस घरात आला की काढते. त्या वर्षीचं पाकीट मात्र काढलंच नाही. पुढच्या खोलीत खिळ्यावर तसंच होतं, दुकानाच्या शिक्क्यासकट.

म्हणून नेटवाल्यांनी थाळीचा खोका उचलला तशी मी म्हणाले, "खोका इथंच राहू द्या."

"खोक्याचं काय करता काकू?"

"पाकिटाचं करते तेच."

उंच्याची नजर खिळ्यावर गेली. शिक्का त्यानं ओळखला असणार, बापाच्या दुकानाचा शिक्का कोण ओळखत नाही? पण काही बोलला नाही. मला वाटलं, पाहा, कसा गप्प बसला.

ती पुढची खोली म्हणजे आमच्या घरातली एकच स्लॅबची खोली. बाकी जुनं मातीचं धाबं. वायर झरोक्यातून त्याच खोलीत उतरवली, कॉम्प्युटरही तिथंच. भिंतीला प्लगापाशी गुडघ्याएवढ्या उंचीवर त्यांनी काळी डबी ठोकली, अन् वर फळीवर नेट वाटणारा दिव्यांचा डबा ठेवला. थाळीला जोडलेल्या यंत्राला ते रेडिओ म्हणायचे. गाणं न लागणारा रेडिओ मी पहिल्यांदा पाहिला.

"वरच्या रेडिओले वीज कुठून?" मी विचारलं.

"या डबीतून मावशी," घड्याळवाला म्हणाला. "याच वायरीतून वर वीज जाते अन् याच वायरीतून खाली नेट येते."

"एकाच वायरीतून जाते बी अन् येते बी?"

"एकाच रस्त्यानं तुम्ही बाजाराले जाता अन् येता नाही काय?"

उत्तर बरोबर होतं. म्हणूनच मला पटलं नाही. तयार उत्तर ज्याच्याजवळ असतं त्याला आधी कोणीतरी तोच प्रश्न विचारलेला असतो.

मग दोघं कॉम्प्युटरपाशी बसले. कॉम्प्युटर जुना, वापरलेला आणलेला. घड्याळवाल्यानं चष्मा वर केला.

"सिस्टीम कोनती हाय याच्यात?"

"विंडोज," सून म्हणाली.

"ओरिजनल?"

सून पदराशी चाळा करत राहिली. उंचा मधेच बोलला, "अरे यार, खेड्यात कोनापाशी ओरिजनल राह्यते? कॉपी हाय. चालून राह्यली न? बस."

"काय बस? याच्यात व्हायरस भरला असन. वरून अपडेट सुरू झालं की सारं नेट तेच गिळते, अन् नाव आपलं खराब."

"कॉपी म्हंजे काय बापा?" मी विचारलं.

"म्हंजे काकू, ते चोर बीटी असते न? बिनापावतीचं, साध्या पिशवीत येते, पन उगवते? तसं," उंचा हसत म्हणाला, अन् म्हणता म्हणता त्याचं हसू अर्ध्यात थांबलं.

"तुले बरं ठाऊक चोर बीटी," मी म्हणाले.

घड्याळवाला खाली मान घालून हसला. मग मला म्हणाला, "मावशी, मी दुसरी सिस्टीम टाकून देतो. लिनक्स म्हंतात. फुकट हाय अन् कायदेशीर हाय."

"फुकट अन् कायदेशीर? दोन्ही?"

"जगातले लोक मिळून बनवते अन् वाटून घेते. तुमी पह्यले घरची सरकी एकमेकाले देत नव्हते? देशी कापसाची? तसंच हे घरचं बियानं समजा."

आता घरच्या बियाण्याची गोष्ट काढली अन् मी जरा नरमले. माझ्या सासूबाई सरकी शेणात चोळून पेरायला द्यायच्या, अन् शेजारीण मागायला आली तर सूप भरून द्यायच्या. त्या सरकीला ना शिक्का, ना लेबल. पण लगेच मनात आलं, याला कसं कळलं मी कशानं नरमते ते?

"घरच्या बियाण्याचं बोंड लहान राह्यते बापा," मी म्हणाले.

"हेच तं मी सांगून राह्यलो!" उंचा मांडीवर थाप मारून ओरडला. "याच्यावर वहिनीच्या कचेरीचा प्रोग्रॅमच चालत नाही. घ्या आता घरचं बियानं!"

"चालते. चालवता आलं पाह्यजे."

"तू ये मंग रोज चालवाले मलकापूरहून!"

भांडत भांडतच चहा प्याले. शेवटी विंडोज तसंच राहिलं. जाता जाता मी विचारलंच, "पोट्टेहो, सिस्टीम चोर, बीटी चोर, तुमचं नेट तं चोर नाही न?"

दोघं हसले. घड्याळवाला खळखळून हसला, उंचा थोडा कमी. कमी का हसला, यावर मी संध्याकाळभर विचार केला.

पावसाळाभर नेट चांगलं चाललं. हे मला सांगायलाच हवं. भरल्या आभाळात सुद्धा सुनेच्या कॉम्प्युटरवर बिलं येत होती. आमच्या घरी टीव्हीला, मिक्सरला, कॉम्प्युटरला माझ्या हातची भरतकामाची झाकणं आहेत, धूळ बसू नये म्हणून. नेटच्या डब्यांसाठीही मी झाकणं करायला घेतली, कडेनं मोर काढले. सून म्हणाली, "आई, यायले झाकू नका, गरम होतात." मी झाकणं घडी करून पेटीत ठेवली. मोर पेटीतच राहिले.

मग दिवाळीच्या अंगाला कापूस घरात आला. अळीतून वाचला तेवढा. भाव असा पडलेला की गावात गाडी घेऊन येणारे व्यापारी कापूस मुठीत धरायचे, नाक मुरडायचे अन् मूठ सोडून द्यायचे. मुलगा म्हणाला, थांबू. आमच्याकडं कापूस थांबवायचा म्हणजे घरात भरायचा. अन् ओल न लागणारी खोली एकच, स्लॅबची. कॉम्प्युटरचं टेबल एका कोपऱ्यात ढकललं, मधात आडवी बाज उभी केली, अन् बाजेपलीकडं खोली छतापर्यंत पांढरी केली. ज्यांच्या घरात कापूस भरलेला नसतो त्यांना हे विचित्र वाटेल. आमच्याकडं पाहुणा आला तर कापसावर झोपतो अन् सकाळी अंग खाजवत उठतो.

सून त्या पांढऱ्या भिंतीशेजारी बसून काम करायची. तिच्या केसात रुई असायची.

अन् मग नेट तुटायला लागलं.

सकाळी ठीक. दुपारी सून कामात रंगली की जायचं. थोड्या वेळानं आपोआप यायचं, अन् परत जायचं. कचेरीतल्या बाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. "जमत नसेल तर मोकळेपणानं सांगून टाका हं," म्हणाल्या. सुनेनं फोन ठेवला अन् कापसाकडं बघत बसली. त्याच संध्याकाळी मुलानं माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली, झटकली, अन् दाराशी ठेवली. मी ती बॅग ओलांडून तुळशीला दिवा लावायला गेले.

आधी घड्याळवाला आला. धाब्यावर चढला, रेडिओ पाहिला, कान लावून काही ऐकलं म्हणा की. उतरून म्हणाला, "रेडिओ एकदम ठीक हाय मावशी. सिस्टीमच सडली हाय. चोरीची सिस्टीम, म्या सांगतलं होतं." त्यानं फोन लावून उंच्याला दोन शब्द सुनावले अन् गेला.

मग उंचा आला, एकटाच. "सिस्टीमले काय धाड भरली? रेडिओ हलका हाय. तिकडून जुना, दुरुस्त केलेला माल आणते हा. घड्याळं दुरुस्त करता करता सवयच लागली त्याले." अन् तोही गेला.

मला मात्र जुनं दुकान दिसायला लागलं. हा म्हणतो कंपनी, कंपनी म्हणते पाऊस, साहेब म्हणतो पुडी. बोटामागं बोट. अन् शेवटी पुण्याला जाईल ती माझी सून. मला पक्कं वाटलं, हे दोघं मिळून आहेत. नेट मुद्दाम तोडतात अन् मग नवीन काहीतरी विकतील. पऱ्हाटीवर अळी आली की औषध विकणारे कसे लगेच दारात उभे राहतात? तसे.

मी सुनेला म्हटलं, "दोघांलेही उद्या दुपारी बोलव. पन एकाले दुसऱ्याचं सांगू नको."

"कायले आई?"

"एकेकटा आला की दुसऱ्याचं नाव घेते. तोंडासमोर तोंड येऊ दे, मंग पाहू कोन कोनाचं नाव घेते."

दुपारी उंचा ओट्यावर बसलेला, अन् घड्याळवाल्याची मोटरसायकल अंगणात आली. दोघं एकमेकांकडं बघतच राहिले.

"तू कायले आला बे?"

"मले वहिनीनं बोलावलं. तू?"

"मलेबी."

मी चहाचे कप दोघांच्या हातात दिले, म्हणजे कोणाला उठता येणार नाही. "हं, सांगा आता. रेडिओ का सिस्टीम?"

"सिस्टीम."

"रेडिओ."

"अबे, रेडिओची तार दाखवू काय तुले? माझ्या अब्बाच्या हातचा दुरुस्त केलेला माल अजून चालून राह्यला लोकाइच्या घरी!"

"मंग घड्याळंच लाव धाब्यावर! टाइम तं दिसन!"

"तुझ्या दुकानातली सरकी तं उगवत बी नव्हती!"

उंच्यानं कप खाली ठेवला. त्यानं खिळ्याकडं पाहिलं नाही, पण मला कळलं की पाहायचं टाळलं. मी काही मदत केली नाही त्याला.

घड्याळवाला उठला, पिशवीतून आपला लॅपटॉप काढला. त्याच्यावर ती फुकटवाली सिस्टीम होती. म्हणाला, "झगडा खतम. वहिनीच्या बाजूलेच ठेवतो. दोन्हीवर सारखं नेट चालू द्या. हिची चोर सिस्टीम बंद पडली अन् माझी चालू राह्यली, तं मी खरा."

सगळे खोलीत आलो. बाजेच्या अलीकडं उभं राहायला जागा नव्हती. मुलगा दाराशी, मी उंबऱ्यावर. सून बिलं भरत होती, घड्याळवाला लॅपटॉपवर काहीतरी मोठं उतरवून घेत होता. कापसाचा तो उबट वास. त्यात गेले काही दिवस मला अजून एक वास यायचा, इस्त्री कपड्यावर जरा जास्त राहिली तर येतो तसा. मला वाटायचं सून इस्त्री करते.

सुनेचा कॉम्प्युटर थांबला. सगळ्यांनी लॅपटॉपकडं पाहिलं. तोही थांबला.

"घ्या," उंचा म्हणाला. "दोन्ही सिस्टीम गेल्या. चोर बी अन् साव बी." मग दाराकडं वळून, "भाऊ, जरा धाब्यावर जा, रेडिओचा दिवा पाहा बरं."

मुलगा वर गेला. वरून ओरडला, "दिवा बंद हाय!"

"घरात लाइन तं हाय," सून म्हणाली. वर फळीवरच्या डब्याचे दिवे तर लुकलुकत होते.

दोघं एकमेकांकडं पाहायला लागले. भांडण कुठं गेलं कोण जाणे. घड्याळवाला हळूच म्हणाला, "वर वीज जाऊन नाही राह्यली. डबी कुठं हाय?"

सगळे त्या पांढऱ्या ढिगाकडं पाहत होतो. कापूस भरला तेव्हा डबी बाजेच्या अलीकडं होती. पण कापूस काही विटांसारखा एका जागी राहत नाही. तो बसतो, घसरतो, बाजेच्या दोऱ्यांतून, खालून पुढं येतो. भिंतीचा तो कोपरा केव्हाच पांढरा झाला होता.

उंच्यानं नाक वर केलं. वास घेतला. त्याचा चेहराच बदलला. "काकू, मेन बंद करा! मेन!"

मी उंबऱ्यावरच होते, मेनचा खटका माझ्या डोक्याशी. मी तो पाडला. तोवर त्यानं खांद्यापर्यंत हात कापसात घातला होता. "याअल्ला, थांब बे, कपडा गुंडाळ हाताले!" घड्याळवाला म्हणेस्तोवर त्यानं डबी उपटून बाहेर फेकली. तिच्याभोवतीचा कापूस पिवळा, मग तपकिरी, अन् एका ठिकाणी काळा झाला होता. काळ्यातून बारीक धूर.

"पानी आनू?" सून ओरडली.

"पानी नाही," मी अन् उंचा एकदमच म्हणालो. कापसाच्या आत ठिणगी असली तर वरून पाणी टाकून उपयोग नाही, ती आतल्या आत चालत राहते अन् दुसऱ्या दिवशी घर घेते. मोकळा करायचा, पसरायचा. मुलगा धाब्यावरून उडी मारल्यासारखा खाली आला. टोपल्या, चादरी, जे हाती लागलं त्यात भरून आम्ही कापूस अंगणात आणून पसरला. उंचा एका हातानं ओढत होता. शेजारीण भिंतीवरून वाकून म्हणाली, "काय व, कापूस वाळवून राह्यले काय?"

"हाव माय," मी म्हणाले. "ऊन दाखवून राह्यलो."

सगळा कापूस बाहेर येऊन, चाळून, पसरून झाला. आणखी कुठं काळं नव्हतं. मग आम्ही ओट्यावर बसलो, सगळ्यांच्या अंगाला रुई, भुतासारखे. उंच्याच्या तळव्यावर फोड आला होता. सुनेनं कोरफड कापून आणली.

आता मी वाट पाहत होते. खोटं कशाला लिहू, मी त्याच्या तोंडाकडंच पाहत होते. आता हा म्हणणार, काकू, कापूस तुम्ही टाकला डबीवर. म्हणण्यासारखंच होतं ते. टाकला तर आम्हीच होता. साहेब असते तर म्हणून गाडीत बसले असते.

तो म्हणाला, "डबी आम्ही खाली लावली. कापूसवाल्याच्या घरात गुडघ्याएवढी डबी लावली. आमची चूक हाय."

घड्याळवाल्यानं मान हलवली. "हाव. कापसात तापली की बंद पडत होती, निवली की चालू. ध्यानातच नाही आलं. खोली रिकामी होती न तवा."

मी कोरफडीचा तुकडा हातात धरून तशीच बसले. बियाण्याच्या त्या सगळ्या वर्षांत, दुकानापासून साहेबापर्यंत, एवढे तीन शब्द मला कोणी म्हटले नव्हते. मी म्हणाले, "हात सरळ धर."

कोरफड लावत असताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, ते पाकीट. त्या वर्षी आमच्या वावरातबी तेच पेरलं होतं. बाबालेबी ठाऊक नव्हतं."

खरं असेल. खोटंही असेल. बापासाठी माणूस खोटं बोलतोच, अन् भाजलेल्या हातानं बोललेलं सगळं खरं नसतं. मुलानं तर नंतर मला सांगितलं, "माय, गावात बोभाटा होऊ नये म्हणून गोड बोलला तो." असेल तेही.

"मंग पाकीट काढत काऊन नाही आता?" उंच्यानं विचारलं.

"कापूस घरात येईस्तोवर ठेवाची रीत हाय," मी म्हणाले. "त्या वर्षीचा कापूस अजून आला नाही."

तो हसला नाही. मला ते बरं वाटलं.

मग प्रश्न राहिला खोलीचा. कापूस बाहेर ठेवता येत नव्हता, दवानं पिवळा पडला असता. अन् कॉम्प्युटर कापसात ठेवता येत नव्हता. मुलगा म्हणाला, व्यापाऱ्याले देऊन टाकू, जे येईल ते. सुनेनं दाराशी ठेवलेल्या बॅगेकडं पाहिलं. मी उठले. माझी लहान खोली स्वयंपाकघराला लागून आहे, बाजूला देव, खाली माझी पेटी. मी म्हणाले, "टेबल माह्या खोलीत आना. कापूस त्याच्या जागी जाऊ द्या."

"आई, तुमी कुठं झोपसान?"

"टेबलाखाली नाही झोपत. बाज सरकवा भिंतीले."

त्याच दिवशी वायर फिरवली. घड्याळवाल्यानं छिद्र पाडलं, उंच्यानं डाव्या हातानं वायर धरली. नवीन डबी त्यांनी माझ्या डोक्याच्या वर, हात पोचेल एवढ्या उंचीवर लावली. पैसे घेतले नाहीत, अन् मीही दोनदा विचारलं नाही. जुनी भाजलेली डबी नेत होते. मी म्हणाले, "ती इथंच राहू द्या." आता दोन खिळे आहेत.

नेट परत तुटलं नाही, निदान दुपारचं तरी नाही. संक्रांतीला कचेरीतल्या बाईंचा फोन आला तेव्हा सून तिळगुळाच्या पाकात होती, हात चिकट, मी फोन तिच्या कानाला धरला. तिनं माझ्याकडं पाहून डोळे मिटले अन् उघडले. मी समजले. संध्याकाळी मुलानं बॅग माळ्यावर टाकली. टाकली म्हणजे ठेवली नाही, फेकली. मला तो आवाज आवडला.

अजून ही दोघं इथंच आहेत. उद्याचं कोणी सांगावं, कापसाचं अन् माणसांचं. सिस्टीमही पुढं बदलली. घड्याळवाल्यानं शेवटी लिनक्स टाकून कचेरीचा प्रोग्रॅम त्याच्यावर चालवून दाखवला अन् उंच्याला महिनाभर चिडवलं. ती फुकट का देतात हे मला अजून पुरतं पटलेलं नाही.

माझ्या खोलीत सगळ्यावर झाकण आहे. देवांवर, पेटीवर, शिलाईच्या मशीनवर, कॉम्प्युटरवर सुद्धा सुनेचं काम झाल्यावर. एक ती डबी उघडी. दुपारी सून बिलं भरत असते तेव्हा मी बाजेवरून उठते, हात वर करते अन् उलट्या तळव्यानं डबीला लावून पाहते, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा.

"आई, डबीवर भरोसा नाही काय अजून?" सून न वळता विचारते.

"कोमट हाय," मी सांगते, अन् परत बसते.